वाणात गेलेला तांब्या

१ जानेवारी १९७१
विम्याच्या एजंटानं ही डायरी दिली. गेल्या तीन वर्षांच्या तीन डायऱ्या कोऱ्याच पडून आहेत. चौथीही कोरी ठेवणं तत्त्वात बसत नाही, म्हणून लिहायला घेतो. तत्त्व कालपासूनचं आहे.

काल शाळेत एक खादीवाले पाहुणे व्याख्यानाला आले होते. ते म्हणाले, स्वतःच्या डोक्यावर वाहून नेता येईल एवढंच माणसानं घरात ठेवावं, आणि मनाला जे पटतं तसंच रोज वागावं. मुलं चुळबुळ करत होती, हेडमास्तर जांभया देत होते, पण मला ते फार लागलं. चोवीस वर्षं मी रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहितो आणि शाळा सुटताना पुसतो. एकही कधी घरापर्यंत आणला नाही. याची मला काल लाज वाटली.

म्हणून मी सहादेव गुंजाळ, प्राथमिक शिक्षक, वय सत्तेचाळीस, आजपासून असे नियम करतो. एक, खरंच बोलायचं, मग कुणाला कडू लागो. दोन, गरजेपेक्षा जास्त वस्तू घरात ठेवायची नाही. तीन, चहा बंद. चार, आपलं काम आपण करायचं.

रेडिओ मात्र ठेवावा लागेल, बातम्या न कळणारा शिक्षक काय कामाचा. आरामखुर्ची चिंतनासाठी लागते. भिंतीवरची आदर्श शिक्षकाची पितळी ढाल ही वस्तू नव्हे, ती प्रेरणा आहे. बाकी सगळं सोडायची माझी तयारी आहे.

२ जानेवारी
नियम घरात वाचून दाखवले. साळूबाई भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, माझ्या कुठल्याही विचाराला हिनं कधी विरोध केला नाही. असं माणूस मिळायला भाग्य लागतं.

कौसल्यानं मात्र विचारलं, नाना, रेडिओ गरजेत येतो का? पोरगी मॅट्रिक झाल्यापासून प्रश्न फार विचारते. तिला ज्ञानाची गरज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मी सांगत असताना ती आईकडे बघत होती.

६ जानेवारी
नियम चार लागू. आज माझं धोतर मी स्वतः नदीवर नेऊन धुतलं. घाटावरच्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. श्रमाची प्रतिष्ठा यांना अजून कळायची आहे.

धोतर वाळत घातलं तेव्हा थोडं मळकटच दिसत होतं, पण शाळेतून परत येतो तर दोरीवर बगळ्यासारखं पांढरं शुभ्र. उन्हात केवढी ताकद असते. साबण ही गरज आहे की चैन, यावर विचार करायला हवा.

११ जानेवारी
चहा सोडून दहा दिवस झाले. डोकं दुखतं, पण मन स्वच्छ आहे. घरात दुपारी कधी कधी चहाचा वास येतो. झुंबरबाईंची आणि आमची भिंत एकच आहे, तिकडून येत असणार.

१४ जानेवारी, संक्रांत
आज नियम एकची परीक्षा झाली. शेजारच्या झुंबरबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या. "घ्या गुरुजी, गोड बोला," म्हणाल्या. मी एक खाल्ला. त्यांनी विचारलं, कसा झालाय? मी सांगितलं, तीळ जुना आहे, वास येतो, आणि पाकही पुढं गेलाय, दात हलला.

झुंबरबाई ताट घेऊन तशाच माघारी गेल्या. साळूबाई त्यांच्या मागं गेली ती बऱ्याच वेळानं आली. मी म्हटलं, खरं तेच बोललो. ती म्हणाली, "व्हय. आजच्या दिवशी बोललात."

२४ जानेवारी
आज फार मोठं काम झालं.

साळूबाईनं बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. सकाळच्या एस.टी.नं ती कौसाला घेऊन संगमनेरला गेली, दुपारपर्यंत येते म्हणाली. वाटेत गाडी बंद पडली. इकडं चार वाजता बायका ओसरीवर येऊन बसल्या आणि घरची बाईच नाही. वाण म्हणून द्यायला तिनं दोन डझन फण्या आणून ठेवल्या होत्या. त्या पुड्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. संक्रांतीचं वाण लुटायचंच असतं, मग घरात जे जास्त झालंय तेच का लुटू नये?

फडताळ उघडलं. आम्ही माणसं तीन, आणि पितळ बघावं तर एका पंगतीचं. दोन पराती, एक कळशी, चार तांबे, तीन डबे, चार पातेली एवढं काढलं. चौदा बायका आणि चौदा भांडी, जणू मोजूनच ठेवली होती. कुंकू त्यांनी एकमेकींना लावलं, वाण मी दिलं. फणी मिळणार म्हणून आलेल्या बायकांच्या हातात पितळेचा डबा पडल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. फक्त बनुबाईनं दोनदा विचारलं, गुरुजी, साळूबाईला विचारलंय ना? मी म्हटलं, तिला नियम माहीत आहेत. झुंबरबाई रुसलेल्या होत्या तरी आल्या आणि मोठी परात घेऊन गेल्या.

दिवेलागणीला मायलेकी आल्या. साळूबाई फडताळासमोर उभी राहिली. मग तिनं वरच्या फळीवरून हात फिरवला, धूळ आहे का बघतात तसा. कौसा काहीतरी बोलणार होती, आईनं तिला डोळ्यांनी गप्प केलं. मला म्हणाली, "बरं."

प्रवासानं दमली असावी. मला वाढलं आणि स्वतः जेवायचं विसरली.

२५ जानेवारी
सकाळी बनुबाई पदराखाली काहीतरी घेऊन दारात आली होती. साळूबाई तिच्याशी हळू बोलली आणि तिला तशीच परत पाठवली. काय म्हणत होती विचारलं, तर "काय न्हाई" म्हणाली.

दोन डझन फण्या उरल्यात. कौसानं विचारलं, तीन माणसांना दोन डझन फण्या हे कोणत्या नियमात बसतं? उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता.

२ फेब्रुवारी
घर मोकळं मोकळं वाटतं. एक अडचण आली. तांब्या एकच उरला, आणि देवाचा आणि परसाकडचा एकच कसा चालेल, असं साळूबाईनं विचारलं. तत्त्वाचा हा पैलू माझ्या लक्षात आला नव्हता. परसाकडसाठी डालड्याचा रिकामा डबा योजला आहे. कडा जरा कापतात.

२१ फेब्रुवारी
नेवाशाकडचे पाहुणे कौसाला बघायला आले. मुलगा मच्छिंद्र, पाटबंधारे खात्यात नोकरीला, बोलायला सरळ. मी आधीच घरात सांगितलं होतं, शेजारच्या खुर्च्या नकोत, कपबशा नकोत, आपण जसे आहोत तसे दिसू. साळूबाई "बरं" म्हणाली. पोहे आले ते एका मोठ्या परातीतून. परात ओळखीची वाटली. पाहुण्यांना चहाही आला. तो कुठून आला ते मी पाहुण्यांसमोर विचारलं नाही.

मुलाच्या वडिलांनी मुलीबद्दल दोन शब्द सांगा म्हटल्यावर मी नियम एकप्रमाणे सांगितलं, हुशार आहे, पण राग नाकावर असतो आणि भाकरी करपवते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मुलगा हसला आणि म्हणाला, आमच्या आईची पण करपते, मला सवय हाय.

जमलं. लग्न १२ मेला. खरं बोलल्याचा फायदा होतो तो असा. कौसा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही असं साळूबाईनं कळवलं.

२० मार्च
निवडणुकीची ड्यूटी संपते न संपते तोच शिरगणतीची आली. दारोदार फिरून माणसं मोजतो आहे. त्या निमित्तानं आमची भांडी कुठं कुठं नांदतात ते बघायला मिळालं. एका घरी आमच्या पातेल्यात म्हशीला आंबोण, दुसरीकडे आमच्या डब्यात पोपटाची डाळ. वस्तू समाजाच्या कामी आली म्हणजे असा आनंद होतो.

आज आमच्या घराचा कागद भरला. साळूबाईच्या नावापुढं काम या रकान्यात फक्त घरकाम लिहिलं, म्हणजे हिशेबात तिला बिनकामाची धरतात. शिक्षणापुढं निरक्षर. तिनं विचारलं, काय काय लिवलं? मी खरं ते वाचून दाखवलं. ती त्या वेळी माझं धोतर पिळत होती. माझं धोतर हिच्या हातात कसं आलं ते विचारायचं राहून गेलं.

कौसा म्हणाली, निरक्षर कशी नाना? मी तिसरीत असताना घरातल्या एकेका भांड्यावरचं नाव तिला वाचून दाखवायचे, ते सगळं तिला पाठ आहे. मला नाही आठवत. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत असणार.

२ एप्रिल
आज जे कळलं ते लिहायला हात होत नाही.

लग्नाच्या याद्या करत होतो. करवलीच्या हातात द्यायचा कलशाचा तांब्या लिहिला आणि सहज म्हटलं, एक आहेच घरात, तो घासून घेऊ. कौसानं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "नाना, तो तुम्ही वाणात दिला."

साळूबाईच्या आईचा तांब्या होता. सासूबाई दगडाबाई कौसा पाळण्यात असतानाच गेल्या. त्यांच्या घरचं एवढंच एक भांडं हिच्याकडे आलेलं. आमच्या लग्नात तोच करवलीच्या हातात होता. मी तेव्हा मांडवात होतो, अंतरपाटापलीकडे, आणि मी तो बघितलाही नव्हता. कौसाच्या लग्नाला तो हवा म्हणून तिनं वरच्या फळीवर, वेगळा, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. फडकं मीच काढलं. फडक्याचं पोतेरं केलं.

मी चुलीपाशी गेलो आणि विचारलं, अगं, बोलली का नाहीस? तिनं वर बघितलं नाही. "तुमी खरं बोलायचं ठरवलं. मी म्हनलं, आपन गप बसायचं ठरवू." मग म्हणाली, "वान दिलेलं मागं घेत न्हाईत. घेनारीचा अपमान हुतो."

म्हणजे बनुबाई त्या दिवशी पदराखाली आणून देत होती, ते हेच. हिनं घेतलं नाही. मी फार गाढव माणूस आहे. हे नियम एकप्रमाणेच लिहितो आहे.

३ एप्रिल
वाण मागं न घेणं हा तिचा नियम आहे. माझा नाही. लग्नाला चाळीस दिवस आहेत. तांब्या आणतो.

६ एप्रिल
बनुबाईकडे गेलो. घराला कुलूप. लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, पंधरा दिवसांनी येईल म्हणे. तिनं पदराखाली काय आणलं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तांबे चार दिले होते. कुणाला कोणता दिला, काही आठवत नाही. तोवर बाकीची घरं धरतो.

९ एप्रिल
सकाळची शाळा आहे, दुपारी फिरतो. चार घरं झाली. कुणीही चहाशिवाय बोलत नाही. नको म्हटलं की बाई म्हणते, आमचा चहा चालत न्हाई का गुरुजी, आणि मूळ विषय बाजूला पडतो. आज चार चहा झाले. नियम तीन तात्पुरता स्थगित.

दोन तांबे बघायला मिळाले. कौसाला बरोबर नेऊन दाखवले, दोन्ही दुसरेच. गावात अशी बातमी उठली आहे की गुरुजींची नोकरी गेली, म्हणून वाणात दिलेली भांडी परत मागत फिरतात. एका घरी मला शिधा बांधून देत होते.

१९ एप्रिल
राहिलेल्या दोन तांब्यांचा पत्ता कुणालाच नाही. त्या दिवशी कुणी काय नेलं हे ज्या एका बाईला पाठ असणार तिच्याकडे मी मुद्दाम शेवटी गेलो. झुंबरबाईंनी दार उघडलं आणि माझ्यासमोर चहा आणि एक लाडू ठेवला. संक्रांतीचा नव्हता, ताजा केला होता, पण तीळ तोच. म्हणाल्या, "खावा आनि सांगा, कसा झालाय."

मी खाल्ला. खोटं बोलायचं नाही आणि खरं बोललो तर तांब्या गेला. शेवटी म्हटलं, झुंबरबाई, त्या दिवशी मी सणाचं तोंड कडू केलं, माझं चुकलं. त्यांनी पुन्हा विचारलं, लाडू कसा झालाय? मी म्हटलं, चहा फार उत्तम झालाय.

त्या हसल्या. दात हलला का, विचारलं. मग एकेकीचं नाव घेऊन चौदा भांड्यांची यादी म्हणून दाखवली, पाढ्यासारखी. एक तांब्या त्यांच्या जावेकडे, तो अलीकडचा, बाजारातला. आणि साळूबाईच्या आईचा बनुबाईकडंच.

२१ एप्रिल
बनुबाई आली. मला बघून रडायलाच लागली. म्हणाली, दोनदा परत द्यायला गेल्ते गुरुजी, साळूबाईनं घेतला न्हाई. महिन्यापूर्वी संगमनेरचा छगन गाडी घेऊन आला होता, जुनं पितळ मोडीत घेऊन बदली स्टील देतो तो. त्याला तांब्या दिला आणि स्टीलचं ताट घेतलं. लेकीला न्यायला काहीतरी नवं हवं होतं. तिला मी काय बोलणार? तांब्या तिचाच होता, मीच दिलेला.

मोडीतलं पितळ वितळवतात.

२२ एप्रिल
शाळा सुटल्याबरोबर सायकलनं संगमनेर. छगनचं दुकान पुढं स्टीलनं चकाचक, आणि मागच्या खोलीत पितळेचा ढीग छातीइतका. म्हणाला, नशीब गुरुजी तुमचं, महिनाभराची मोड इथंच हाय, परवा दुपारी ट्रक पुन्याला जातो. शोधा. मात्र मोडीतून काढायचं तर तेवढ्या वजनाची मोड टाकावी लागंल.

मी ढिगाशेजारी बसलो. तांबेच दोन-तीनशे असतील. आपला कोणता, मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो माझ्याच घरात होता आणि मला त्याचा आकार आठवत नव्हता. वाचता तेवढं येतं, म्हणून सासूबाईंचं नाव शोधत एकेक नाव वाचायला लागलो. सगळी बायकांची नावं. कुणाला भावानं दिलेला, कुणाला मामानं, कुणाच्या डोहाळजेवणाचा. राशीनं पडलेल्या होत्या साऱ्या. चार तास वाचत होतो. छगननं दिलेला चहा मी मुकाट्यानं प्यालो.

शेवटी सापडला. ठिपक्या ठिपक्यांत स्पष्ट कोरलेलं, दगडाबाई. ओळखीचे आहात, नेऊन दाखवा, वजनाचं मागून बघू, असं छगन म्हणाला. येताना सायकल अशी मारली की आयुष्यात मारली नव्हती.

२३ एप्रिल
काल पोचेपर्यंत ती झोपली होती. सकाळी तांब्या तिच्यापुढं ठेवला, नाव वाचून दाखवलं. तिनं उचलला, गळ्याशी धरला, अंगठा पोटावरून फिरवला. एवढ्यातच तिला कळलं.

"हा न्हाई."

मी म्हटलं, अगं, दगडाबाई लिहिलंय. ती म्हणाली, "दगडाबाई लई असत्यात." पण मी त्यासाठी संगमनेरपर्यंत गेलो होतो हे तिला तेव्हाच कळलं, आणि ती डोळे पुसत आत गेली. मी बाहेर उभा. कौसा म्हणाली, नाना, त्या तांब्यावर तर... आणि आतून आईनं हाक मारली, म्हणून गेली.

उद्या दुपारी ट्रक. उद्या मी रजा टाकतो आणि हिलाच घेऊन जातो.

२४ एप्रिल
पहिल्या एस.टी.नं दोघं निघालो. बावीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं गेलो नव्हतो. पिशवीत कालचा तांब्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू. ती काय आहे हे तिनं विचारलं नाही. निघताना भिंतीवरच्या पांढऱ्या डागाकडे मात्र तिनं बघितलं होतं.

ट्रक दारात उभाच होता आणि अर्धं पितळ त्यात भरलं होतं. साळूबाई हमालांना "जरा थांबा बाबांनो" म्हणाली, पदर खोचला आणि ढिगात बसली. तिनं एकही नाव बघितलं नाही. तांबे उचलायची, गळ्याशी धरायची, अंगठा फिरवायची, बाजूला ठेवायची. खोलीतले संपले. मग ती ट्रकवर चढली. आदर्श शिक्षकाची बायको ट्रकवर चढलेली मी खालून बघत होतो, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की तो लपवायचा कसा ते कळेना.

ट्रकवरचेही साठ-सत्तर झाले असतील. एका तांब्यावर तिचा अंगठा थांबला. पोटाला पोचा होता. सहा वर्षांची असताना तिनं रागानं भावाच्या अंगावर फेकला होता, भाऊ चुकवून गेला आणि तांब्या उंबऱ्यावर आपटला. त्या पोच्यात तिचा अंगठा अगदी बसतो. आईनं तेव्हा मारलं होतं, हेही तिनं ट्रकवरूनच सांगितलं, हसत आणि रडत.

मी पिशवीतून ढाल काढली. छगननं वजन केलं, ढालच थोडी जड भरली. "आदर्श शिक्षक श्री. सहादेव गुंजाळ" ट्रकमध्ये बायकांच्या नावांत जाऊन पडले. मला वाटलं होतं वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. कालची दगडाबाई मी हातानं परत ठेवली.

एस.टी. स्टँडवर बाकावर बसलो. तांब्या तिच्या मांडीवर. पोच्याच्या वर ठिपक्यांत नाव होतं, ते मी आता कुठं नीट बघितलं. दगडाबाई नव्हतं. "राहीबाई, टाकळी" असं होतं. भलत्याच कुणा बाईचं. म्हणजे माझ्या सासूनं हा कुठल्यातरी मोडीतूनच घेतलेला, आणि ही बिचारी इतकी वर्षं आईचं नाव म्हणून त्यावरून अंगठा फिरवत आली. तेवढ्यात तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "काय लिवलंय वो त्याच्यावर?"

मी म्हटलं, "दगडाबाई."

नियम एक मोडला. एक जानेवारीपासून पहिल्यांदाच, आणि जराही न अडखळता. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. पदर तोंडात कोंबला तरी हसू येत होतं. शेजारचे लोक बघायला लागले. एवढं हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "दोन च्या सांगा. एकात मी न्हाई भागवनार."

१३ मे
काल लग्न झालं. टाळी लागली, अक्षता पडल्या, तेव्हा साळूबाईच्या भाचीच्या हातात तो तांब्या होता, चिंचेनं घासून असा लखलखीत केलेला की पोचाही चमकत होता. बनुबाई त्याच्याकडे बघून दोनदा रडली. झुंबरबाईंनी मोठी परात आहेरात परत दिली, वर तिळाचे लाडू. वाण परत दिलं नाही, आहेर केला, असं त्यांनी सगळ्यांना ऐकवलं.

पाठवणीच्या वेळी कौसा पाया पडली आणि कानाशी म्हणाली, "नाना, तांब्यावर राहीबाई लिहिलंय. मी तिसरीत असतानाच आईला वाचून दाखवलंय." आणि गाडीत जाऊन बसली. मांडीवर तांब्या. मला रडायचं होतं ते तसंच अर्धवट राहिलं.

आज घर फार रिकामं आहे. साधी राहणी म्हणजे काय ते आज कळतंय, आणि ते मुळीच बरं वाटत नाही. साळूबाई उंबऱ्यात बसली होती. शेजारी जाऊन बसलो. विचारलं, तुला ठाऊक होतं? "व्हय," म्हणाली. मग स्टँडवर मला का विचारलंस? तर म्हणाली, "बघत हुते, तुमी मला काय सांगता."

मग मी विचारलं, ही राहीबाई कोण गं?

"काय ठाव," ती म्हणाली. "असंल कुनाची तरी आई. तिच्याबी जावयानं साधं ऱ्हायचं ठरवलं असंल."

मी उठलो आणि चहा ठेवायला आत गेलो. साखर कुठं असते ते तिला विचारावं लागलं.